राशनच्या किटने गाव उभं राहत नाही

आपल्या संघटनांना एक गोष्ट चांगली जमते. संकट आलं की चोवीस तासांत किट तयार. आटा, तांदूळ, डाळ, तेल, चहापत्ती, साबण. टेम्पो भरतो, बॅनर लागतो, वाटप होतं, फोटो निघतात. २०२०च्या टाळेबंदीत वर्ध्यात मी स्वतः पोती उचलली आहेत, त्यामुळे या कामाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. भुकेल्याला जेवण देणं फर्ज आहे आणि तिथे वाद नाही.

माझा वाद पुढच्या गोष्टीशी आहे. किट म्हणजेच खिदमत, अशी समजूत आपल्या तरुणांमध्ये घट्ट होत चालली आहे. गावात वाईट वर्ष कोण काढतं आणि कोण मोडतं, हे किटवर ठरत नाही. शेजाऱ्याशी बाराही महिने चालू असलेल्या व्यवहारावर ते ठरतं. कुणाच्या घरी रात्री दोन वाजता दार वाजवता येतं, कुणाची गाडी मिळते, यादीत नाव कोण घालतं, पंपाला पैसे कमी पडले तर कोण थांबतो, हा तो व्यवहार. तो उभा करायला वर्षं लागतात आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. म्हणून आपण तो दुसऱ्यांवर सोडून दिला आहे.

महाराष्ट्रातल्या दहा मुसलमानांपैकी सुमारे सात शहरांत राहतात. आपल्या संघटना, आपले वक्ते, आपली मासिकं, सगळं त्या सातांच्या हिशेबानं चालतं. उरलेल्या तिघांचा विचार मोहल्ल्याच्या चौकटीत होऊच शकत नाही, कारण त्यांना मोहल्लाच नाही. वर्धा जिल्ह्यात आपण शंभरात जेमतेम चार-पाच. जिथे आपली थोडी घरं आहेत तिथे 'कौमची एकजूट' हे वाक्य कितीही जोरात म्हटलं तरी नळाला पाणी येत नाही. तिथे एकजूट करायची तर ती कुणबी, तेली, बौद्ध, गोंड शेजाऱ्यांबरोबरच करावी लागते. दुसरा मार्ग नाही, आणि माझ्या मते दुसरा मार्ग असता तरी तो चांगला नसता.

आंजीत काय झालं होतं

आंजी (मोठी) हे वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही. डॉक्टरकी शिकणारी मुलं तिथे गाव शिकायला येतात.

२००३ ते २००८ या काळात सेवाग्रामच्या याच संस्थेनं आंजी, गौळ आणि तळेगाव या आरोग्य केंद्रांखालच्या ६७ गावांत 'क्लिक्स' नावाचा प्रकल्प चालवला. आगाखान फाउंडेशन सोबत होतं, पैसा अमेरिकेच्या यूएसएडचा होता. उद्देश बालमृत्यू कमी करण्याचा. पण पद्धत लक्षात घेण्यासारखी होती. गोळ्या वाटून परत जायचं नाही, तर गावागावांत ग्राम समन्वय समिती बनवायची, बायकांचे बचत गट, किशोरवयीन मुलींचे गट, शेतकऱ्यांचे मंच उभे करायचे आणि गावातल्याच एका बाईला आरोग्याची दूत म्हणून तयार करायचं. काम हळूहळू गावाच्या हातात जावं, हिशेब गावानं ठेवावा, अशी ती रचना.

त्याच्याही आधी, १९८०च्या आसपास, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानं आसपासच्या खेड्यांत ज्वारीवर चालणारा आरोग्य विमा सुरू केला. नगद कुणाकडेच नसते, पण हंगामात ज्वारी असते. म्हणून वर्गणी ज्वारीत. ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त द्यायची, मजुरानं कमी. उपचार मात्र गरजेप्रमाणे, वर्गणीप्रमाणे नाही. आणि अट अशी की गावातली किमान ७५ टक्के घरं सामील झाली तरच ती योजना त्या गावात चालेल.

ही ७५ टक्क्यांची अट मला फार महत्त्वाची वाटते. तिचा अर्थ असा की एकाच जातीनं, एकाच गल्लीनं, एकाच जमातीनं आपापलं बघून चालणार नाही. सधन शेतकऱ्याला आपल्या मुलाचा उपचार स्वस्तात हवा असेल तर त्याला मजुराच्या दारात जाऊन 'तूही ये' म्हणावं लागेल. भाषणांनी जे होत नाही ते एका नियमानं होतं. आपल्या संघटनांच्या घटनेत असा एक तरी नियम आहे का, जो आपल्याला शेजाऱ्याच्या दारात जायला भाग पाडतो?

मात्र प्रकल्पाच्या भरवशावर राहायचं नाही, हेही याच जिल्ह्यानं दाखवलं आहे. क्लिक्सची मुदत २००८ साली संपली. ज्या यूएसएडचा पैसा त्यात होता, ती संस्थाच २०२५मध्ये गुंडाळली गेली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला येऊन गेले आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच्या काही महिने आधी याच जिल्ह्यातल्या डोरली गावानं 'गाव विकणे आहे' असा फलक लावला होता. पॅकेज आलं आणि गेलं. पुढे २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, जुलै २०२२मध्ये अतिवृष्टीनं शिवारं धुऊन नेली. प्रत्येक वेळी तेच विचारलं गेलं : आता कोण येणार? बाहेरून येणारा येतो आणि जातो. धुऱ्याला धुरा लागलेला शेजारी तिथेच असतो.

सातबारा नसलेल्यांचं काय

आता आपल्या घरांकडे या. खेड्यातला मुसलमान बहुतेक ठिकाणी शेतकरी कमी आणि बाकी सगळं जास्त. मोटार-पंप बांधणारा, वेल्डर, पंक्चरवाला, शिंपी, ड्रायव्हर, बकऱ्यांचा व्यापारी, फेरीवाला, शेतमजूर. म्हणजे गावाची दुरुस्ती आपल्या हातात, पण गावाच्या कागदावर आपण नाही.

पीक गेलं की भरपाई सातबाऱ्यावर मिळते. कर्जमाफी सोसायटीच्या खात्यावर मिळते. पण कपाशी गेली की वेचणी जाते, आणि वेचणीला जाणाऱ्या बाईची मजुरी जाते. शेतकऱ्यानं यंदा पंप बांधायला आणला नाही की दुकानदाराचा महिना जातो. त्याच्या नुकसानीचा पंचनामा कुठलाही तलाठी करत नाही. हे फक्त आपलं दुखणं नाही. बौद्ध मजुराचं तेच, गोंड मजुराचं तेच, परित पुरुषाच्या आधाराशिवाय राहणाऱ्या कुणबी बाईचंही तेच. भूमिहीन म्हणून आपली जी यादी होते ती धर्माच्या यादीपेक्षा कितीतरी लांब आहे. आपण मात्र प्रत्येक सभेत धर्माचीच यादी वाचत बसतो.

सच्चर समितीचा अहवाल २००६चा, महमूदुर रहमान समितीचा २०१३चा. दोन्ही अहवाल महत्त्वाचे आहेत आणि त्यातल्या मागण्या सोडायच्या नाहीत. पण मुंबईत मंजूर होणाऱ्या मागणीची वाट पाहत आंजीतल्या बाईनं काय करायचं? तिच्या गावात रोजगार हमीचं काम निघत नसेल तर काम मागणीचा अर्ज एकटीनं देऊन काही होत नाही. चाळीस बायकांनी मिळून दिला आणि पोच घेतली की ग्रामसेवकाला उठावं लागतं. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी, १९७७ साली, याच राज्यानं केला. तो १९७२च्या दुष्काळातून आला. एकेकट्यानं मागून तो कायदा मिळाला नव्हता.

'आम्हाला घेतच नाहीत'

हे मला सर्वाधिक ऐकवलं जातं, आणि ऐकवणारे खोटं बोलत नाहीत. २०२०च्या उन्हाळ्यात तबलीगच्या नावानं जे झालं ते आपण पाहिलं आहे. भाजीच्या गाड्या अडवल्या गेल्या, नाव विचारून सौदा परत केला गेला. वर्षानुवर्षांची ओळख एका आठवड्याच्या टीव्हीनं विरघळली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. निकाल चांगला होता. पण निकाल येईपर्यंत भाजी सडली होती.

यातून बरेच जण असा निष्कर्ष काढतात की शेजारावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, आपलं आपण बघावं. मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. जिथे ओळख 'सलाम-नमस्कार' एवढीच होती, तिथे ती पहिल्या अफवेला तुटली. ज्याच्यासोबत तुम्ही पाणी समितीच्या हिशेबावर सही केली आहे, ज्याच्या बहिणीच्या बाळंतपणात तुमची गाडी गेली आहे, त्याला अफवा गिळायला थोडा वेळ लागतो. तो निदान फोन करून विचारतो. अफवेच्या दिवशी तो एक फोन फार मोठा असतो.

म्हणूनच मला सणांपुरत्या सौहार्दाचा कंटाळा आला आहे. गिरडच्या बाबा फरीदच्या टेकडीवर हिंदू-मुसलमान दोघेही जातात, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. शीरखुर्म्याची वाटी शेजारी जाते, दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो. छान आहे, चालू राहावं. पण टेकडीवरचं प्रेम ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये उतरत नाही. फराळाच्या ताटाला कोरम लागत नाही. ज्या बैठकीत रस्ता कुणाच्या गल्लीपर्यंत न्यायचा हे ठरतं, त्या बैठकीत आपलं कुणी नसतं.

आणि 'घेत नाहीत' याला एक साधं उत्तर आहे : ग्रामसभा कुणाच्या मेहेरबानीची नाही. गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक बाई आणि प्रत्येक पुरुष तिचा सभासद आहे. वर्षातून किमान चार सभा घेणं बंधनकारक आहे. कोरमला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतला कमी असलेला आकडा लागतो, आणि तोही अनेकदा जमत नाही. म्हणजे जी खुर्ची आपल्याला कुणी देत नाही असं आपण म्हणतो, ती बहुधा रिकामी असते. जाऊन बसा. प्रश्न विचारा. तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. कुणी अडवलं तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. पहिल्या सभेत तुमच्याकडे वळून बघतील. चौथ्या सभेत तुमच्यासाठी सरकून जागा देतील.

ग्रामसभेखेरीज प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला आरोग्य अभियानातून वर्षाला दहा हजारांपर्यंतचा मुक्त निधी ठरलेला आहे. वर्धा जिल्हा २०१८पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आहे, आणि त्यात निवडलेल्या गावांत सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असते. शाळेची व्यवस्थापन समिती असते. या समित्यांवर कोण आहे, हे आपल्या किती तरुणांना सांगता येईल? हेच तरुण गाझापासून गुजरातपर्यंतचं सगळं सांगू शकतात. जगाची खबर ठेवावी. पण आपल्या गावच्या हातपंपाची खबर ठेवणं हे त्याहून छोटं काम नाही.

'मग सरकार काय करणार?'

डावीकडचे मित्र वेगळी शंका काढतात. गावानं गावाला सांभाळावं म्हटलं की सरकारची जबाबदारी सुटते, लोकांना 'सोसायला शिका' सांगण्याची ही नवी तऱ्हा आहे, असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त आहे. परदेशी पैशांच्या अहवालांत गावाच्या सोशिकतेचं जे कौतुक असतं ते वाचून मलाही चीड येते. सोशिक तर आमच्या आज्याही होत्या. त्या सोसून सोसून गेल्या.

पण शेजाऱ्यांचं जाळं म्हणजे सरकारला पर्याय, असं मी म्हणतच नाही. सरकारकडून काम वसूल करायला जे लागतं ते म्हणजे हे जाळं. पीक विम्याचंच घ्या. २०२५पूर्वी गारपीट किंवा पुरात शेत गेलं तर ७२ तासांच्या आत खबर द्यावी लागत असे. मोबाइलवर, ॲपवर, फोटोसकट. ज्याच्याकडे साधा फोन होता, ज्याला वाचता येत नव्हतं, त्याचे ७२ तास शेतात पाणी काढण्यातच जात. २०२३मध्ये राज्यानं एक रुपयात पीक विमा दिला, २०२५मध्ये ती सवलत काढून घेतली. योजना बदलतात. पण दर वेळी गावात दोन पोरं अशी लागतात की जी पाऊस थांबताच गाडी काढून दहा शेतांवर जातील आणि तक्रार नोंदवून देतील. ही पोरं आपली का नसावीत? मोबाइल दुरुस्तीचं दुकान आपलं, गाडी आपली, आणि शेत नसल्यामुळे त्या दिवशी मोकळेही आपणच.

विजेचंही तसंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याचा धोका आधी कळवतं. ॲप सरकारनं केलं. पण निंदणीला गेलेल्या बायकांना फोन करून 'झाडाखाली थांबू नका, घरी या' हे सांगणारा माणूस गावातच लागतो. १०८ची रुग्णवाहिका सरकारनं दिली. पण साप चावल्यावर मांत्रिकाकडे न नेता थेट आरोग्य केंद्रात न्यायचं, हे रेटून सांगणारा शेजारीच लागतो.

आपल्याजवळ काय आहे

आपण रिकाम्या हातानं जात नाही, हे लक्षात ठेवा. वर्गणी गोळा करणं, तिचा हिशेब ठेवणं, गरजू कोण हे गुपचूप शोधणं, देताना समोरच्याची अब्रू राखणं, ही कला आपल्या जमातींनी पिढ्यानपिढ्या जपली आहे. अकोल्यात करोनाच्या काळात कच्छी मेमन जमातीच्या स्वयंसेवकांनी मृतदेहांचे अंत्यविधी केले, हिंदू मृतदेहांचेही, त्यांच्या रीतीप्रमाणे. नातेवाईक पुढे यायला घाबरत होते तेव्हा. हे एका दिवसाच्या जोशानं झालं नाही. माणसं, गाडी आणि शिस्त आधीपासून तयार होती. तीच तयारी आपल्या जमातीच्या बाहेर, गावाच्या पातळीवर नेता येते.

काही जण विचारतील, हे दीनच्या कामात बसतं का? कुरआनात जवळच्या आणि दूरच्या, दोन्ही शेजाऱ्यांशी भलाईनं वागायला सांगितलं आहे. शेजाऱ्याचा धर्म विचारा असं म्हटलेलं नाही. सूरह अल-माऊनमध्ये तर नमाज पढूनही रोजच्या वापराची साधी वस्तू द्यायला नकार देणाऱ्यांना फटकारलं आहे. जुन्या भाष्यकारांनी त्या वस्तू कोणत्या तेही सांगितलं : भांडं, बादली, कुऱ्हाड. आजच्या आंजीत त्या यादीत फवारणीचा पंप येईल, शिडी येईल, ताडपत्री येईल, इन्व्हर्टर येईल. जकात कुणाला देता येते यावर उलेमांचे मतभेद असतील, ते त्यांनी सोडवावेत. सदक्याला आणि मदतीच्या हाताला कुणी अडवलेलं नाही.

बचत गटाचा प्रश्नही असाच अडकून पडतो. 'व्याज आहे, आपल्या बायकांनी जाऊ नये', म्हणून कित्येक बायका घरीच राहतात आणि मग लग्नाला, दवाखान्याला खासगी सावकाराकडे जातात. तिथे व्याज नसतं काय? गटातल्या गटात उसनवारीचा नियम गट स्वतः ठरवतो. बँकेचं कर्ज घेणं सक्तीचं नाही. बिनव्याजी उसनवारीचा गट काढा आणि त्यात शेजारच्या बायकांनाही घ्या. त्यांनाही बिनव्याजी पैसा आवडेल.

आणि एक आठवण. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हातानं काम करत शिकण्याची जी योजना पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली, तिचा आराखडा ज्या समितीनं केला तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. जामिया मिल्लियाचा हा माणूस वर्ध्याला 'अल्पसंख्याकांचा प्रतिनिधी' म्हणून एका कोपऱ्यात बसायला आला नव्हता. देशातल्या प्रत्येक खेड्यातल्या प्रत्येक मुलाची शाळा कशी असावी, हे ठरवायला आला होता. पुढे ते राष्ट्रपती झाले. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातला मुसलमान असा आहे. आपण मात्र कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडचा एकही अर्ज ग्रामपंचायतीत देत नाही. कब्रस्तानाची भिंत हवीच. पण त्या अर्जाखाली दुसरा अर्ज अंगणवाडीच्या छपराचा असेल, तर पहिल्या अर्जाकडेही वेगळ्या नजरेनं पाहिलं जाईल.

एवढं करा

मोठा कार्यक्रम मी देत नाही. तुमचं गाव आंजी असो, खरांगणा असो की आणखी कुठलं, येत्या खरिपाच्या आत पाच कामं होण्यासारखी आहेत.

एक, गावातल्या समित्यांवर कोण आहे याची यादी ग्रामपंचायतीतून मागा. दोन, पुढच्या ग्रामसभेला किमान पाच घरं जा, त्यात बायका असू द्या. महिलांची वेगळी सभाही असते, तिथेही जा. तीन, वही घाला : कुणाकडे गाडी आहे, कुणाचा रक्तगट काय, कोण पोहतो, कोण पंप दुरुस्त करतो, कुणाच्या घरी एकटी म्हातारी किंवा दिवस भरत आलेली बाई आहे. वहीत सगळ्या वस्त्या हव्यात, बौद्धवाडा आणि गोंडांची घरं सर्वांत आधी. चार, ती वही एका माणसाच्या खिशात ठेवू नका. तिच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक मशिदीच्या बाहेर, दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे असू द्या. पाच, हंगाम निघाल्यावर पैसे किंवा धान्य, जे ज्याला झेपेल ते, एका सामाईक फंडात टाका. चारपैकी तीन घरं आली तरच फंड सुरू करा. तोवर दारोदार फिरा. खरं काम ते फिरणंच आहे.

शहरातल्या संघटनांना सांगणं एवढंच की पुढच्या वेळी टेम्पो भरण्याआधी त्या गावातल्या ग्रामसभेच्या तारखा विचारा. किट महिनाभर पुरतं. दारोदार फिरून जमलेली चारपैकी तीन घरं पुढच्या पुरालाही तिथेच असतात.